बसलेल्या माणसासकट

डेंटरच्या लेकीला गाड्यांची चित्रं काढायचं वेड कुठून लागलं, हे विचारायची गरज नव्हती. खाण तशी माती. बाप जन्मभर चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढत आला. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं बसलंय." एकदा त्याच्या हातून सुटलेला पोचा लहानग्या लेकीच्या तळव्याला लागला, तेव्हापासून तो तिला उस्ताद म्हणू लागला.

त्याची एक रीत होती. अपघाताची गाडी आली की हातोडी लावण्याआधी तिची सगळी दारं उघडायची आणि दिवसभर तशीच ठेवायची. एखादं अडकलेलं असेल तर पहिल्यांदा ते पहारीनं उचकटायचं. आत कुणी राहिलं असेल तर उतरू दे, बसलेल्या माणसासकट गाडी ठोकू नये, असं त्याचं म्हणणं. शेजारचा पंक्चरवाला चिडवायचा, चहा पण विचारता का हो त्यांना?

"विचारतो की. अजून कुणी हो म्हणालं नाही."

मग स्वतः पाठ फिरवून बाहेर बसायचा. उतरणाऱ्याकडे टक लावून बघू नये, माणूस लाजतो. लेकीला तो एवढंच सांगायचा, की माणूस उतरला म्हणजे गाडी केसभर वर येते. डोळ्याला दिसत नाही, पण टपाला विचारलं तर टप सांगतो.

पुढं लेकीची परदेशात गाड्यांचं डिझाइन शिकायला निवड झाली. कागदांवर शिक्के घ्यायला बापलेक आपल्या जुन्या गाडीतून निघाले आणि वळणावर ट्रक उजव्या अंगाला आला, बापाच्या दारावर. बाप शुद्धीत होता. "उस्ताद, आधी तू उतर," म्हणाला. ती डावीकडून उतरली. त्याला लोकांनी तिच्याच दारातून ओढून काढलं, तोवर सगळं संपलं होतं. उजवं दार चेपून बंद झालं ते झालंच. गाडी तशीच भंगारात गेली. दार उघडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लेकीच्या आलं, पण विमानात बसल्यावर.

नव्या देशात उतरली तेव्हा टॅक्सीवाल्यानं तिला पुढं बसायला सांगितलं. ती सवयीनं डाव्या दाराशी गेली, तर आत स्टिअरिंग. "तुम्ही चालवताय का?" म्हणून टॅक्सीवाला हसला. इथं चालवणारा डावीकडे. मग तिला उजवीकडे, बापाच्या जागी बसावं लागलं. सगळ्या रस्ताभर ती सीटच्या कडेला टेकून होती, कुणाच्या मांडीवर बसायला संकोच वाटावा तशी.

कॉलेजात गाडी मातीची करायची. ही कुंभाराची माती नव्हे. तपकिरी, मेणासारखी, भट्टीत ऊन करून फोमच्या ठोकळ्यावर थापायची, गार झाली की पात्यानं तासायची. आधी अर्धीच गाडी करतात. कापलेल्या बाजूला उभा आरसा लावला की उरलेली अर्धी आरशात दिसते. लेकीनं डावी बाजू केली. पुढच्या खेपेलाही डावीच. मातीकामाच्या म्हाताऱ्या सरांनी विचारलं, दुसऱ्या हाताशी भांडण आहे का?

खिडक्यांना चकचकीत काळा कागद लावलेला असे. तिच्या बाजूच्या कागदात छताचे दिवे दिसायचे. आरशातल्या खिडकीत त्या दिव्यांच्या आड एक खांदा असायचा, किंचित झुकलेला.

तिनं आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, झोपत नसशील, दुसरं काय. जेवतेस का नीट? मग तिनंच विचारलं, "कसे दिसतात?"

"बसलेले."

फोन बराच वेळ तसाच कानाला होता, दोघींच्याही.

परीक्षेची गाडी पुरी करायची होती, बिनआरशाची. ज्याची पुरी होणार नाही त्याची जागा जाणार, म्हणजे घरचा रस्ता. लेकीनं मन घट्ट करून उजवी बाजू घेतली. डावीची मापं उजवीवर उतरवली. पट्टी म्हणाली बरोबर. तळवा म्हणाला, नाही. दाराच्या मधोमध पोचा होता. तिनं ऊन माती भरली, तासली. सकाळी येऊन बघते तो पुन्हा पोचा. असं कितीतरी वेळा झालं.

शेवटी सर आले. डोळे मिटून त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाले, "इथं बसलंय." सरांचं मत, खालचा फोम पोकळ असणार, कापून बघ. सोमवारी परीक्षक येतायत, त्याच्या आत झालं तर ठीक.

रविवारी दुपारी वर्कशॉपमध्ये चिटपाखरू नव्हतं. तिनं पातं तापवलं आणि दार त्याच्या रेघेवरून सबंध कापून काढलं. फोम ठणठणीत होता. तेव्हा तिला कळलं, की हे भरायचं काम नव्हे.

उंची मोजायच्या खांबाची सुई तिनं खाली आणली, टपाला नुसती टेकेल अशी. मग उघड्या दाराशी वाकली.

"अप्पा, मी उतरले. आता तुम्ही उतरा."

बाहेर पायरीवर ती पाठ करून बसली. पिशवीतली बिस्किटं खाल्ली. आत एकदा काहीतरी हललं, पण तिनं वळून पाहिलं नाही. उन्हं कलल्यावर ती आत गेली. खांब जागचा हलला नव्हता. सुई मात्र टपात रुतली होती. केसभर.

कापलेलं दार तिनं परत बसवलं, सांधा बुजवला. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर सरांनी तळवा फिरवला, परत फिरवला. काय भरलंस म्हणून विचारलं. काही नाही, थोडा वेळ दार उघडं ठेवलं होतं, असं ती म्हणाली. त्यांना ती थट्टा वाटली. टपावरच्या भोकाला बोट लावून ते म्हणाले, सुई घुसवलीस की, बुजव ते. तिनं मान डोलावली, पण बुजवलं नाही.

जागा राहिली. संध्याकाळी खोलीवर जाताना तिला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात एकच घोळत होतं: उतरले खरे, पण कुठं जातील? इथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही.

तिनं कुलूप काढलं. आत गेली आणि दार लावलं नाही. शेगडीवर पाणी ठेवलं, दोघांपुरतं. मग दाराकडे पाठ करूनच तिनं विचारलं, "अप्पा, चहा?"

मागं खुर्ची करकरली.