ओतारणीचं तोंड

मी पितळेची तारा बोलतेय. देवी बोलली म्हणून दचकू नका. दचकायची पाळी आधी माझ्यावर आली होती, आणि अजून मी त्यातून सावरलेली नाही.

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी माझी उंची. एक पाय मुडपलेला, एक खाली सोडलेला; कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून. बुद्धाला मानणारी माणसं मला मानतात. पण मी जन्मले त्या कारखान्यात असला भेद नव्हता. फळीवर लक्ष्मी होती, तिच्या शेजारी शंखवाला विष्णू, आणि मागे भिंतीला टेकून छोटा बुद्ध, डोळे मिटून, जणू या गर्दीशी आपलं काही देणंघेणं नाही. सगळ्यांना एकाच फडक्यानं पुसायचे.

कारखाना म्हणजे तरी काय! पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात भट्टी. म्हातारा ओतारी मेणाची मूर्ती करायचा. त्याच्या बायकोला सगळी गल्ली ओतारीण म्हणायची. ती मेणावर माती चढवायची. मुलगा भट्टी आणि कानस सांभाळायचा. आणि सून पुढच्या खोलीत कापडावर देव रंगवायची. चौकटीला कापड ताणायचं, त्यावर खडू आणि सरस चोपडायचा, मग गुळगुळीत दगडानं ते घोटायचं, इतकं की माशी बसली तर घसरून पडावी. त्यावर उभ्याआडव्या रेघा, आणि रेघांच्या जाळीत देवाचं नाक, देवाचे डोळे, सगळं मापात. भिक्षुणींच्या मठासाठी आमचं जोडकाम होतं. मी पुढे बसणार, आणि माझ्यामागे तिनं रंगवलेली कापडावरची हिरवीगार तारा टांगणार.

ओतारीला दिसत नव्हतं. उभा जन्म वितळलेल्या पितळेकडे टक लावून काढला, त्यात नजर गेली. हात मात्र थांबले नाहीत. खाचा पाडलेली एक काडी होती त्याच्याकडे. त्या खाचा चाचपून तो मेणात मांडी मोजायचा, दंड मोजायचा, कंबर मोजायचा. फक्त तोंडावर काडी चालत नसे. ओठाची, नाकपुडीची खाच इतकी बारीक की बोटाला लागायचीच नाही. म्हणून तोंड तो नुसत्या बोटांनी करायचा. लोक म्हणायचे, काय हात आहे! घात तिथंच होता, पण कुणाच्या ध्यानीमनी नाही.

तर मी आधी मेणाची झाले. राळ मिसळलेलं काळं मेण, कोळशासारखं. ओतारीण मला मांडीवर घेऊन कुंचल्यानं पातळ मातीचा पहिला हात द्यायला बसली. तोंडापाशी आली आणि थबकली.

"ही कुणासारखी तरी दिसते गं," ती सुनेला म्हणाली.

"कुणासारखी?"

"आठवत नाही. लांबची कुठली नणंद असेल."

"आई, देवीला नणंद काय करता?"

"खरंच की. नणंद असती तर एव्हाना गप्प बसली असती होय?"

दोघी हसल्या आणि ओतारणीनं माझ्या तोंडावर माती फासली. आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं तोंड तिला ओळखता आलं नाही? अहो, तुमचं तोंड तुम्ही बाजूनं, खालून, मेणात काळंकुट्ट कधी पाहिलंय? आणि त्या घरात आरसा होता तो मुलाच्या दाढीपुरता.

मग त्यांनी मला भट्टीत घातलं. बाई गं! मला कुणी सांगितलंच नव्हतं. आत धग लागली आणि मी पाझरायला लागले. बोटं गेली, कान गेले, मांडी गेली, सगळी मी भोकातून खाली टपटप गळून गेले. मातीच्या आत उरली नुसती माझ्या आकाराची पोकळी. पोकळीला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. मी सांगते, ओरडावंसं वाटतं आणि तोंड नसतं. तेवढ्यात वरून पितळ आलं. लाल, पातळ, घोंघावत. जन्म म्हणतात तो हाच असेल तर लोक त्याचा आनंद का करतात, मला अजून कळलेलं नाही.

साचा थंड झाल्यावर मुलानं माती फोडली. आधी पाठ मोकळी झाली, मग गुडघे. तोंडावरची माती त्यानं पाणी मारून ब्रशनं काढली, कानस उचलली, दोनदा फिरवली आणि ओरडला, "आई!"

"काय रे?" भांडी घासता घासता ओतारीण म्हणाली.

"तुला नाही. हिला... म्हणजे तुलाच. अगं, इकडे ये लवकर!"

सून आधी धावत आली. हातात हिरव्या रंगाचा कुंचला होता, तो गळून पडला. मग ओतारीण आली, हाताला राख तशीच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. टोकाशी बसकं नाक. मधेच तुटलेली डावी भुवई. हनुवटीवर खळगा. आणि ओठाचा एक कोपरा किंचित वर गेलेला, आता काहीतरी लागट बोलणार असा. तिच्या तोंडावर जे जे होतं ते सगळं माझ्या तोंडावर होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि दोघींची बोबडी वळली.

"हे माझं तोंड आहे," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "माझं तोंड! ज्या तोंडानं मी शेजारणीशी भांडते, त्याच्यापुढे लोक डोकं टेकणार? मला नरकात तरी जागा मिळेल का?"

"हळू बोल, बाबा ऐकतील," मुलगा म्हणाला. "ते झोपले की मी तासून सारखं करतो."

"तासशील काय? नाकावर पितळ कुठून आणशील, भुवई कुठून जोडशील?"

त्यांच्या धंद्यात एक नेम होता. देवाचं तोंड कुणाचंच नसतं. ते मापाचं असतं. कुणा माणसाचं तोंड आलं तर ती मूर्ती घराबाहेर जात नाही, मोडून वितळवतात. माझ्या डोळ्यांत अजून रंग भरला नव्हता, म्हणजे त्यांच्या हिशेबी मी अजून देवी नव्हते. मोडायला हरकत नव्हती. हरकत नाही, ही गोष्ट त्यांनी माझ्यादेखत बोलावी! आणि त्यांना भीती माझ्या मोडण्याची नव्हतीच. भीती ही होती की म्हाताऱ्याला कळलं तर तो पुन्हा मेणाला हात लावणार नाही. आणि मेण सुटलं की त्या माणसाकडे दुसरं उरतंय काय?

पण आंधळ्या माणसाचे कान! अंगणाच्या दारातून ओतारीचा आवाज आला, "कानस का थांबली?"

"छिद्र राहिलंय, बाबा," मुलगा पटकन खोटं बोलला. "गालावर."

"गालावर? माझ्या कामात? बघू."

तो भिंत धरत आला. त्याची बोटं माझ्या कपाळावरून उतरली, भुवईच्या तुटक्या जागी जराशी थांबली, नाकावरून ओठांवर आली, हनुवटीच्या खळग्यात बसली. तिघंही श्वास रोखून उभे. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला.

"कसलं छिद्र? बरोबर उतरलीय. इतकी बरोबर आजवर एकही उतरली नव्हती."

मी सांगते, भट्टीत बसला नाही तेवढा चटका मला त्या शब्दांनी बसला. त्याला चूक कळलीच नव्हती. त्याच्या लेखी तोंड म्हणजे हेच. नजर गेल्यापासून रोज सकाळी उठलं की तो हात पुढे करायचा आणि ओतारीण तोंड पुढे करायची. "आज घुश्शात दिसतेस," तो बोटांनी ओळखायचा. "दिसतेस म्हणे!" ती म्हणायची. जगात दुसरं तोंड त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हतं.

ओतारणीला राहवलं नाही. तिनं त्याचा हात धरला, आधी स्वतःच्या तोंडावरून फिरवला, मग माझ्या. पुन्हा स्वतःच्या. पुन्हा माझ्या.

त्यानं हात असा मागे ओढला की जणू मी अजून लालच होते.

मग त्यानं विचारलं, "याच्या आधीच्या?"

सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. बाई बाई बाई! लक्ष्मीच्या हनुवटीवर खळगा. बुद्धाची डावी भुवई तुटकी. आणि विष्णू, चार हातांचा, शंख घेतलेला, ओठाचा एक कोपरा वर करून उभा, आता सुनेला काहीतरी सुनावणार! इवल्याइवल्या मूर्ती, मूठभर उंचीच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी मोठी निघाले आणि सगळ्यांचं बिंग फुटलं. फळीवरचे तर समोर होते. गेल्या काही वर्षांत जे घरोघरी गेले, त्यांचं काय?

सुनेच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं, आणि तिनं लगेच पदर तोंडात कोंबला.

"हस, हस," ओतारीण म्हणाली. "अख्ख्या गावानं माझ्यापुढे हात जोडले आणि तू मेली रोज उलट बोलतेस." आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. "अहो, काय करून ठेवलंत हे! आजपासून माझ्या तोंडाला हात लावायचा नाही. सांगून ठेवते!"

ओतारीनं दोन्ही हात काखेत घातले आणि पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. ओतारीण सवयीनं त्याच्यापुढे वाकली, तोंड पुढे केलं. आणि तशीच राहिली. त्याचे हात काखेतून निघालेच नाहीत. लागट बोलणारी बाई, एक शब्द न बोलता आत निघून गेली. ते बघून मला जे वाटलं, त्याला मी नाव देत नाही.

त्याच दिवशी मठातून थोरल्या भिक्षुणी काम बघायला आल्या. मला वाटलं, आता ह्या काहीतरी गोड बोलतील, सगळ्या तोंडांत मीच आहे म्हणतील आणि मी सुटेन. त्यांनी मला वळवून वळवून पाहिलं. कापडावरच्या तारेजवळ नेऊन पाहिलं.

"काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण ही आमची तारा नाही. ही कुणाची तरी बायको आहे."

दारामागे उभ्या ओतारणीनं पदर पुढे ओढला.

"दुसरी करून द्या. आम्ही थांबू," असं म्हणून त्या गेल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि हात जोडले. मला की तिला, देव जाणे.

"दुसरी कोण करणार?" ओतारी म्हणाला. "माझ्या बोटांना एकच येतं. ते विसरायचं म्हटलं तर ही बोटं तोडावी लागतील."

तेव्हा सून पुढे आली. "बाबा, तोंड मी करू? कापडावर करते तशा मेणावर रेघा मारीन. धड तुमचं."

"मेण म्हणजे कापड नव्हे. अंगठा लागला की गाल बसतो."

"मग बसू दे. बसला की तुम्ही ओरडा. आई ओरडतात तेव्हा मी ऐकतेच ना?"

"कधी ऐकलंस?" आतून आवाज आला.

उभ्या जन्माचं काम, आणि त्यातलं तोंड दुसऱ्याच्या हाती द्यायचं. म्हणजे माणसाचं डोकं धडापासून वेगळं करण्यासारखंच की. माझंच पितळ आवळून आलं. मग म्हाताऱ्यानं काखेतला उजवा हात काढला, मेणाचा गोळा चाचपला, त्यातला डोक्याएवढा तुकडा तोडला आणि सुनेपुढे धरला.

"धर. तोंडं तुझी."

राहिली मी. फळीवरच्या लहानग्यांना पितळ वितळवायच्या मुशीत जसंच्या तसं टाकता आलं. मी मावत नव्हते. मला आधी फोडावं लागणार होतं. आज मुलानं मला अंगणात ऐरणीवर ठेवलंय. घण उचलला, खाली ठेवला. मला पालथं केलं, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"माझ्यानं नाही होणार," तो म्हणाला. "आईच्या तोंडावर घण कसा घालू?"

"सर बाजूला," ओतारीण म्हणाली. "माझं तोंड आहे, माझं मी बघते."

तिनं मला उताणं केलं. घण दोन्ही हातांनी पेलला. मग माझ्याकडे बघत उभीच राहिली. आरशातसुद्धा एवढा वेळ कधी उभी राहिली नसेल. शेवटी तिनं हाक मारली, "अहो! इकडे या. शेवटचा हात लावून घ्या हिला. मग नाही मिळायची."

म्हातारा भिंत धरत आला. ऐरणीपाशी आला, तरी त्याचा हात माझ्याकडे वळला नाही.

"तिला कशाला?" तो म्हणाला. "तोंडं आता सुनेकडे. तू आहेस की."

आणि त्यानं हात पुढे केला. हवेत, नुसताच. ती कुठं उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं.

ऐका, मला फार वेळ नाही. तुमच्या घरी मूठभर उंचीचा एखादा पितळी देव असेल, नाक बसकं, ओठ एका बाजूला वर, तर त्याला मापात नाही म्हणून टाकू नका. घासताना अंगठा जरा हलका ठेवा. एवढंच मागणं.

ओतारणीनं घण खाली टेकवला, आणि वाकून तोंड पुढे केलंय.