नवव्या मुंगीचा बूट

बालवाडीत चाळीस पोरं मांडी ठोकून जमिनीवर बसली होती आणि चित्रकार बाई खुर्चीच्या अगदी टोकावर. वर्ग त्यांच्या थोरल्या बहिणीचा. गेल्या वर्षी बाईंना मोठं पारितोषिक मिळालं, जिकडेतिकडे फोटो झळकले. पण नवं पुस्तक या चाळीस पंचांसमोर ठेवल्याशिवाय आजही त्यांना चैन पडत नसे.

नमुन्याची प्रत सकाळीच बांधून आली होती. नऊ मुंग्या घर बदलायला निघतात. नववीच्या पाच पायांत बूट, सहावा अनवाणी. हरवलेला बूट शोधताना तिची जी तारांबळ उडते, ती बघून पोरं हसून लोळत होती. आणि आलं की ते पान! डावीकडे आठ मुंग्या, उजवीकडे पार कोपऱ्यात तो बूट!

"पण मुंगी कुठंय?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

"ही काय," म्हणत बाईंनी बोट टेकवलं, ते थेट पुस्तकाच्या शिवणीत रुतलं.

नववी मुंगी त्यांनी दोन पानांच्या बरोब्बर मधोमध काढली होती. सुटा कागद टेबलावर पसरला, तेव्हा ठसठशीत दिसायची. आधीची पुस्तकं पातळ, मधे दोन पिना, सताड उघडायची. यंदा पारितोषिकाच्या आनंदात प्रकाशकानं जाड कागद, शिवलेली बांधणी असा थाट केला, आणि त्या थाटानं मुंगीच गिळली.

"मेली!" एकानं जाहीर केलं.

"मेली नाही, पुस्तकानं खाल्ली!"

एक मुलगी तर उठून आली आणि डोळ्यांत पाणी आणून शिवणीत नख घालू लागली. मुंगीला बाहेर काढायची होती ना तिला!

"ठमे, छापायचं कधी आहे?" ताईनं हळूच विचारलं.

"आजच! आत्ता!"

"मग इथं बसून काय करतेस? पळ की!"

प्रत पोरांच्या हाती सोडून बाई पळाल्या. देवा, तेवढं मशीन धरून ठेव रे बाबा! रस्त्यातूनच प्रकाशकाला फोन.

"एका मुंगीसाठी छपाई थांबवू? अहो, तुमच्या चित्राला आता बोट कोण दाखवणार?"

"चाळीस जण दाखवून बसलेत!"

फोनवर हसू फुटलं. "बरं, एक तास. त्यापुढं मी तरी काय करू?"

छापखान्यात बाकीचे कागद सकाळीच छापून झाले होते. उरला होता तो या पानाचाच. छपाईची प्लेट बनवणाऱ्या मुलीनं संगणकावर मुंगी चार बोटं उजवीकडे सरकवली. "झालं, मॅडम."

बाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, पोरांचे जीव टांगणीला, आणि ही बया बसची वाट बघतेय!"

कागदाच्या गठ्ठ्यावरच बैठक मारून त्यांनी नवी मुंगी काढायला घेतली. पहिली मुंगी टोळासारखी झाली. दुसरी घसरून पडल्यासारखी. घड्याळात वीस मिनिटं उरली. पण डोळ्यांपुढे ती नख घालणारी पोर होती. तिसरी मुंगी उडालीच! मिशा मागं, सहाही पाय हवेत, अनवाणी पाऊल सगळ्यांच्या पुढं.

"जमली गं बाई, जमली!"

नवी प्लेट चढली, मशीन धडधडलं. मशीनमन म्हणजे छापखान्यातला सगळ्यात जुना आणि खडूस माणूस. उभ्या आयुष्यात त्यानं छापलेल्या चित्रात रंगापलीकडे काही पाहिलं नव्हतं. पहिला कागद उचलून त्यानं भिंग लावलं. लाल बघितला, काळा बघितला. मग भिंग हळूहळू मुंगीवर येऊन थांबलं ते थांबलंच.

"पोचते का हो ही?"

"पानं उलटा की, काका!"

"पुढची पानं यात नाहीत ना!" म्हातारा वैतागला, आणि मशीन तसंच बाईंच्या भरवशावर सोडून सकाळच्या गठ्ठ्यात डोकं खुपसून पुढची पानं शोधायला लागला.