उतारावर न्यूट्रल

उतार दिसला की माझा नवरा गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. पेट्रोल वाचतं म्हणे. परदेशात, भाड्याच्या मोटारसायकलवर, सगळा डोंगर उन्हानं भाजून निघत असतानाही त्यानं तेच केलं. मागून मी तीनदा ओरडले, "गिअरमध्ये घे, ब्रेक तापताहेत!" मी बायकांना दुचाकी शिकवते, हे वाक्य मी रोज म्हणते. पण पिकतं तिथे विकत नाही.

चौथ्या वळणावर ब्रेकनी मान टाकली आणि आम्ही थेट खडीच्या ढिगात. माझी कोपरं सोलली, त्याचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

तोवर मला त्याची दयाच येत होती. रस्त्याकडेच्या दवाखान्यात डॉक्टर त्याचा हात गळ्यात बांधत होते आणि हा दुसऱ्या हातानं आईला फोनवर सांगत होता, "काही नाही गं, ही मागे हलली, तोल गेला. लोकांना कसली शिकवते देव जाणे."

अर्ध्या तासात नणंदेचा मेसेज आला. 'वहिनी, माझ्या मुली सोमवारपासून क्लासला येणार होत्या ना, त्या आता नको म्हणताहेत.' पाठोपाठ चुलत जावेचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षं बायकांच्या स्कूटरमागे धावून कमावलेलं नाव ह्यानं एका फोनवर मातीत घातलं होतं.

ब्रेक निवले होते. आरसा फुटण्यापलीकडे गाडीला काही झालं नव्हतं. हॉटेल बारा किलोमीटर खाली, म्हणजे चालवणार मी.

"जपून हं," तो मागून म्हणाला.

दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरवत आणली आणि जिथे औषधालाही झाड नव्हतं तिथे थांबवली. चावी काढून घेतली.

"आता काय?"

"आईंना फोन लाव. स्पीकरवर. खरं काय ते सांग."

"इथे? या उन्हात? वेडी झालीस का?"

"हो."

पंधरा मिनिटं तो फुगून बसला. पट्ट्याखाली घामानं खाज सुटली होती आणि हात पोचत नव्हता. मी बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. पाण्याची बाटली दिली, एवढी काही मी कैदाशीण नाही.

शेवटी लावला. "आई, ते... गाडी मी न्यूट्रलमध्ये टाकली होती. ही नको म्हणत होती."

सासूबाई आता लेकाची बाजू घेणार, असं मी धरूनच चालले होते.

"तुझे बाबाही अस्सेच उतरायचे," त्या म्हणाल्या. "आणि मी हलले म्हणून पडलो, असं गावभर सांगायचे. तीस वर्षं हा वाकडा गुडघा घेऊन ऐकतेय. सूनबाई, आहेस का तिथे?"

"आहे, आई."

"चावी कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग घरच्या ग्रुपवर त्याला स्वतः लिहायला लाव. तोवर गाडी सुरू करू नकोस. आणि खाली बाबांचंही लिही म्हणावं. ते गेले, गुडघा माझ्याकडे राहिलाय."

तो डाव्या अंगठ्यानं टाइप करू लागला. मी शेजारी उभी राहून एकेक शब्द वाचत होते.