माझा ड्रायव्हर रोज पळतो कुठे?

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. पेडणे, धारगळ, म्हापसा अशा माझ्या फेऱ्या असतात. कपाळावर देवीचं नाव आहे, काचेला शेवंतीचा हार असतो आणि डाव्या कुशीवर एक पोचा आहे. तो एका टँकरने दिला. माफीही न मागता निघून गेला.

जन्मतः मी अशी नव्हते. आले तेव्हा नुसती चेसिस होते, अंगावर पत्रासुद्धा नव्हता. डिचोलीच्या एका मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, पत्रे ठोकून, बाकं बसवून मला रूप दिलं. मग कितीतरी वर्षं मी पाळी गावच्या खाणीवर कामगारांची ने-आण केली. लाल धुळीने माझा मूळचा पांढरा रंग कुणाला आठवेनासा झाला, पण मालक मला 'लक्ष्मी' म्हणायचा आणि मी त्यातच खूश होते. मग खाणी बंद पडल्या. एके दिवशी मालकाने मला घासूनपुसून धुतलं, नवा हार घातला. मी हुरळून गेले. दुपारी एक परका माणूस आला, त्याने बोटांच्या पेरांनी माझी कूस ठोकून पाहिली, टायरला लाथ मारली आणि संध्याकाळी मी विकली गेले. तेव्हापासून कुणी अचानक लाड करायला लागलं, की मला धडकी भरते.

मला घेतलं ते धारगळच्या रघुनाथने. मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. माणूस पोटाने मोठा, मनाने त्याहून मोठा. पाणी, ऑइल, हवा पाहिल्याशिवाय त्याने कधी चावी फिरवली नाही. जरा कुठे खडखड झाली की तो लगेच खाली वाकून बघायचा. वर्षाच्या पासिंगला तर मला नवरीसारखी सजवून न्यायचा. पार्वतीमावशीची भाजीची टोपली तिठ्यावर दिसली नाही, तर इंजिन चालू ठेवून वाट बघत बसायचा. आतले लोक कुरकुरायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उशीर करून मला थांबवायचे. कंडक्टर सगुण दाराला लटकून ओरडायचा, "फाटीं सरा, फाटीं सरा!" आणि मागे मुंगीलासुद्धा जागा नसायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पण गेल्या पावसाळ्यानंतर रघुनाथ बदलला.

आधी मला त्याचे हात कळले. स्टिअरिंगवरचे त्याचे तळवे घामाने ओले असायचे आणि कधीकधी थरथरायचे. एकदा उतारावर त्याने ब्रेक जरा उशिराच दाबला. मी मनात म्हटलं, याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. मग एके सकाळी त्याने इकडेतिकडे बघत, जॅक आणि पाने ठेवायच्या पेटीत एक पुडकं लपवलं. त्यात नवे कोरे बूट होते. जन्मभर चपला घालून गाडी चालवलेल्या माणसाला बूट कशाला लागतात? आणि लागले तर ते लपवायचे कशाला?

मी रात्री त्याच्या घरासमोर उभी असते. तिथून तिठ्याकडे रस्ता जातो आणि मध्ये एक वळण आहे. झुंजूमुंजू झालं, की रघुनाथ पेटीतले बूट काढायचा, पायात चढवायचा आणि माझ्याकडे पाठ करून चक्क पळत सुटायचा! पहिल्या दिवशी तर असा सुसाट सुटला, की मागे वाघ लागलाय असं वाटावं. वळणाशी पोचायच्या आत तो विजेच्या खांबाला मिठी मारून धापा टाकत उभा राहिला. सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेरसुद्धा उतरून त्याला विचारायला लागला. रघुनाथने त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मला सांगा, सरळ माणूस अशी लपवाछपवी करील का?

संशयाला खतपाणी मिळत गेलं. शाळेत खेळ शिकवणारी तेजस्विनी रोज माझ्या पुढच्या सीटवर बसते. ती आणि रघुनाथ आता हळू आवाजात बोलू लागले.

"काका, पयल्याच दिवशी इतक्या जोरान कोण धावता?" ती म्हणत होती. "एका खांबापर्यंत हळू धावायचं, दुसऱ्या खांबापर्यंत चालायचं. धावताना बोलूक येवक होया. बोलूक येना, म्हणजे तुमचो वेग जास्त."

"आणि कोणी बघितला तर?"

"बघूं दे. पण घाई नाय करायची. सवय झाली की वळणापलीकडे जाशात."

वळणापलीकडे! म्हणजे हळूहळू, कुणाला न कळता, हा मला सोडून जाणार. मी दिवसभर एकही गिअर सहज पडू दिला नाही.

आणि मग डिचोलीहून शंभू आला. जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्याने माझी कूस पेरांनी ठोकली. टायरला लाथ मारली. तो आवाज मी कसा विसरेन? रघुनाथ बाजूला मान खाली घालून उभा होता. "बघूया, शंभू. डिसेंबरात सांगतंय," एवढंच तो म्हणाला. मी आतल्या आत विझले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला रघुनाथचा रागच आला.

पण गंमत बघा. आमच्याकडे रस्त्यावर कुणी पळताना दिसलं, की लोक कारण विचारत नाहीत. आधी पळतात, सीट पकडतात, मग विचारतात. एके सकाळी रघुनाथ पहिल्यांदाच थेट तिठ्यापर्यंत पोचला आणि तिथून पळतच मागे फिरला. तिठ्यावर माझी वाट बघणाऱ्यांनी पाहिलं, ड्रायव्हरच गाडी गाठायला धावतोय! म्हणजे आज गाडी त्याच्या घरासमोरूनच सुटणार! पार्वतीमावशीने टोपली डोक्यावर घेतली आणि ओरडली, "धावा गो, गाडी चलली!" वळणातून रघुनाथ आला, त्याच्यामागे पार्वतीमावशी, तिच्यामागे अर्धा तिठा. सगळे माझ्यात घुसले, सीटा पकडल्या आणि मी आपली थंड इंजिनाने गप्प उभी.

"काय झाला रे, रघुनाथा?" पार्वतीमावशी धापा टाकत म्हणाली. "गाडी सोडीत कित्या नाय?"

रघुनाथला तोंड उघडायलाही दम नव्हता. पहिल्या फेरीसाठी आलेला सगुण मात्र भडकला. "आता माका सगळा कळाक होया. बूट लपवतंस, शंभूक बोलावतंस. गाडी विकून खंय पळतलंस?"

शाब्बास सगुण, मी मनात म्हटलं. माझ्या मनातलं बोललास.

रघुनाथ बॉनेटवर टेकला.  म्हणाला, "माका शुगर झाली, सगुण. हात कापतत, कधी डोळ्यांसमोर अंधारी येता. लायसन नवीन करूचा आसा. डॉक्टरीण म्हणाली, साखर अशीच ऱ्हवली तर मी कागदार सही करूचंय नाय. तीन महिने दिलेत. गोळ्यो घी, जीभ आवर, रोज चल, जमात तसा धाव. नाय जमला तर गाडी दारात गंजत ठेवूची काय? म्हणान शंभूक बोलावलंय."

"आणि आमकां सांगूक काय झालेला?"

"लाज वाटली रे. चाळीस माणसां माझ्या मागे बसतत."

मित्रांनो, मलाही लाज वाटली. माझं ऑइल काळं पडलं तर याला वासावरून कळायचं. दरवर्षी तो मला पासिंगला न्यायचा, पण त्याला कुणी कधी तपासायला नेलं नव्हतं. मीही त्याच्या थरथरत्या हातांत चोर शोधत बसले. शेवटी पार्वतीमावशीच बोलली. तिने डोळे पुसले आणि नेहमीसारखी करवादली, "मगे उद्यापासून पोदेराचे उंडे आणि भजी खावची नाय हां. मी बघतलंय!" आणि तिने खरंच पाहिलं. त्याच्या डब्याचं झाकणसुद्धा ती उघडून बघायची.

एक खांब धाव, एक खांब चाल. मग दोन खांब धाव. गुडघा दुखला त्या दिवशी विसावा. असं करत त्याचा पट्टा आत सरकत गेला. तळवे कोरडे झाले. तरी डिसेंबर आला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. डॉक्टरणीकडे जाऊन आला, त्या संध्याकाळी त्याने बॉनेटवरून नुसता हात फिरवला. पुन्हा लाड! 

दुसऱ्या सकाळी शंभू हजर. रघुनाथ धावायला गेला होता. शंभूने पुन्हा माझी कूस ठोकली. एवढ्यात वळणातून रघुनाथ आला, संथ, एका लयीत. आणि धावता धावताच, न थांबता, न धापा टाकता, त्याने लांबूनच हाक दिली, "शंभू, गाडी विकूचंय नाय हां मी! डॉक्टरणीन सही केली! इलंस तसो चाय घेवन जा, आणि तिका ठोकू नको, तिका आवडणा नाय!"

एवढं लांबलचक वाक्य! मी कान देऊन ऐकलं, एकाही शब्दाला श्वास तुटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही गाडी असेल. तिचं पाणी, ऑइल, हवा जरूर बघा, मी काही नको म्हणणार नाही. पण ती चालवणाऱ्याचा हात एकदा हातात घेऊन बघा. तो थरथरत असेल तर संशय घेऊ नका, विचारा. विचारलं की माणूस सांगतो.

आता रघुनाथ रोज वळणापलीकडे जातो. मला सगळं ठाऊक आहे, तरी तो दिसेनासा झाला की माझा जीव वळणाशी अडकतो. स्वभाव जात नाही. पण बूट रस्त्यावर वाजू लागले, की मी ओळखते, आणि पहिल्याच चावीला सुरू होते.