मागच्या ओट्यावरची चटई

धुळ्याच्या त्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती. स्वच्छ फरशी, गाळलेलं पाणी, प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, आणि भाडं काहीच नाही. पलीकडच्या दवाखान्यात ज्यांच्या लेकरांवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्या आयांना फुटपाथवर पडावं लागू नये, लेकराच्या उशाशी बसता यावं, एवढ्याचसाठी कुणा भल्या माणसांनी ते बांधलं होतं. आणि त्याच घराच्या मागच्या ओट्यावर, मोरीच्या वासात, एका मळक्या चटईवर सकाळपासून भडगावची कोकिळा बसली होती. का? तर तिला पाळी आली होती.

हा नियम संस्थेचा नव्हता हो! तो बायकांनीच आपापल्या गावाहून पिशवीत बांधून आणला होता. घराचा कारभार बघणाऱ्या कामिनीताईंना सगळं ठाऊक होतं. "तुमच्या घरातलं आहे ते. संस्थेला वाद नकोत," एवढं बोलून त्या मोबाईलमध्ये डोकं घालत. आणि कोकिळा तरी कुठे वेगळी होती? मागे समोरच्या खोलीतली ऋतिका ह्याच चटईवर बसली, तेव्हा कोकिळानेच तिचं ताट लांबून पायाने सरकवलं होतं. आज ते आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

खोलीत होती कोकिळाची आठ वर्षांची मयुरी, आणि तिच्यापाशी सासू सुंदरबाई. मयुरीच्या अंगातली रोगाशी झुंजायची ताकद औषधांनी पार काढून घेतली होती. "खोलीत गजरासुद्धा आणायचा नाही. ताप वाटला की वाट बघत बसू नका, उचलून आणा," असं सिस्टरने बजावलं होतं. बजावलं होतं ते कोकिळाला, सुंदरबाईंना नव्हे.

दुपारी खिडकीतून आवाज आला, "माय, माले थंडी वाजी राह्यनी."

कोकिळा ताडकन उठली. "आक्का, ताप शे का तिले? हात लाई देखा ना!"

"जराशी कोमट शे. तू तठेच बस. आजारी पोरवर इटाळनी सावली पडाले नको."

"मंग तुम्ही तरी दवाखानामा लई चाला तिले!"

"ऊन उतरू दे, मंग देखू."

मयुरी आणखी थोडा वेळ हाका मारत राहिली आणि मग गप्पच झाली. आग लागो त्या चटईला! ती उंबरा ओलांडून आत शिरली आणि पोरीच्या कपाळाला हात लावला. पोर नुसती भाजत होती.

"बठ्ठं घर इटाळी टाकं हिनी!" सुंदरबाई किंचाळल्या. दारात बायका जमल्या. रिक्षा बोलावू का, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. सगळ्यांनी आपापले पदर तेवढे आवरून घेतले. कोकिळाने मयुरीला उचललं, तशी सुंदरबाईंनी कपाटातून बाटली काढली. गल्लीतल्या गोठ्यातून आणलेलं गोमूत्र होतं ते, पिवळं, तळाशी गाळ बसलेलं. ते त्यांनी पोरीवर शिंपडलं. केस गळालेल्या डोक्यावर, औषधांनी सोललेल्या ओठांवर, सलाइनची सुई टोचून ठेवलेल्या हातावर. जिथे फुलाला मनाई, तिथे जनावराचं मूत! आणि ह्याला म्हणायचं शुद्धी.

कामिनीताई नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या.

वॉर्डात सिस्टरने मयुरीला हातात घेतलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. "शी! हिच्या अंगावर काय ओतलंय हे?"

मागोमाग आलेल्या सुंदरबाई जमिनीकडे बघू लागल्या.

"आमचं सोवळं आहे ते, सिस्टर," कोकिळा म्हणाली. "आधी तेवढं पुसून काढा."

पोर वाचली, पण थोडक्यात. ऊन उतरायची वाट बघितली असती, तर काही हाती लागलं नसतं, असं डॉक्टरांनी सुंदरबाईंच्या तोंडावर सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी मयुरीला घेऊन कोकिळा परतली, तेव्हा चटईवर ऋतिका बसली होती आणि आत तिचं आजारी तान्हं रडून रडून लाल झालं होतं. कोकिळाने मयुरीला निजवलं, हात धुतले आणि ओट्यावर गेली.

"ऊठ. तुना आंडोर रडी राह्यना."

"तुन्या आक्का काय म्हनतीन?" ऋतिका अंग चोरून पुटपुटली.

कोकिळाने तिला दंडाला धरून उठवलं, आत नेलं आणि तिचं लेकरू तिच्या मांडीवर दिलं. मग चटई गुंडाळली आणि दारात आलेल्या घंटागाडीत फेकली. कामिनीताईंनी मोबाईलमधून डोकं वर काढलं, पण आज त्यांना वादाचं नाव घ्यायचा धीर झाला नाही.

खोलीत सुंदरबाई कपाट उचकत होत्या. "कोकिळा, मनी बाटली कोठे शे?"

"संडासमा ओती दिन्ही, आक्का," कोकिळा म्हणाली. "मूतनी जागा तठेच शे."