लेबलावरची तारीख

बाटलीच्या झाकणावर अण्णांनी हात ठेवला आणि ते फिरवणार, तेवढ्यात त्यांची नजर काचेच्या गळ्यावर गेली. झाकणाच्या आट्यांखाली पांढरी खर, वाळल्या मिठाच्या पापुद्र्यासारखी, धरली होती. झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या अंगावरून उचलावा तसा त्यांनी हात उचलला. मग कमरेत वाकून, टेबलालाही धक्का न लावता, बाटलीच्या तळाशी पाहिलं. तिथंही तीच खर, बारीक सुयांसारखी.

अण्णा दोन पावलं मागं सरले.

अण्णा म्हणजे संशोधन संस्थेच्या रसायन-भांडाराचे जुने राखणदार. तळमजल्यावरची ती लोखंडी कपाटांची थंड खोली त्यांनी सत्तावीस वर्षं सांभाळलेली. मोबाइल दाराबाहेर, काडेपेटी फाटकाबाहेर, आणि मोठ्यानं हसणं जमलंच तर घरी जाऊन, असं पोरं त्यांच्या पाठीमागे म्हणायची. अण्णांना ते ऐकू जायचं आणि आतून आवडायचंही.

आता समोरच्या बाटलीत काय होतं, ते सांगायला हवं. त्या बाटलीत एकेकाळी इथर होतं. दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर, आणि पेट घ्यायला महाउतावीळ. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. फरशीवरून सरपटत जाते आणि दहा पावलांवरच्या ठिणगीला गाठते. ही आगीची भीती सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून सगळे जपून वागतात. दुसरी भीती मात्र गुपचूप वाढते. बाटली उघडली की इथरला हवा लागते, आणि हळूहळू त्यात पेरॉक्साइड नावाचं दुसरंच द्रव्य तयार होतं. भरपूर इथरात विरघळलेलं असेतोवर ते निमूट बसतं. इथर उडून गेलं की तेवढंच मागं उरतं. मग त्याला ठिणगी लागत नाही. थोडी ऊब, एखादा धक्का, झाकणाचं नुसतं घासणंही पुरतं.

म्हणून विभागाच्या प्रमुख बाईंनी नियम घातला होता. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख लेबलावर लिहायची. तीन महिने उलटले की कागदाची पट्टी बुडवून पाहायची. पट्टी निळी झाली तर बाटली मोडीत. तीन महिन्यांच्या आतली असेल तर खुशाल वापरायची. आणि तारीख अण्णांच्या अक्षरातली असली, की तिच्यावर दुसऱ्यांदा नजर टाकायची कुणाला गरजच वाटत नसे.

आणि अण्णांनी काय केलं होतं? मागच्या आठवड्यात तीन जुन्या बाटल्यांत तळाशी उरलेलं इथर त्यांनी एका नव्या बाटलीत ओतलं होतं. आम्लं असोत, स्पिरिट असो, ज्याचं त्याचं उरलंसुरलं एका बाटलीत करायची त्यांची जुनी सवय. चांगला माल फेकायला हात धजत नसे. ताज्यात मिसळलं की जुन्याचा जुनेपणा जातो, असं मनानं घेतलं होतं. रिकाम्या बाटल्या धुवायला बाजूला ठेवल्या, समोरची त्यांतलीच एक, आणि नव्या बाटलीवर ठसठशीत अक्षरात नवी तारीख घातली.

ती नवी बाटली आज सकाळी त्यांनीच दिली होती. घ्यायला आली होती त्यांची भाची.

बहिणीनं शेवटच्या आजारपणात सहा वर्षांच्या या पोरीचा हात अण्णांच्या हातात दिला होता. “दादा, हिला तुझ्या ओटीत घालते,” एवढंच म्हणाली होती. आज ती भाची तिसऱ्या मजल्यावर संशोधन करत होती. चार वर्षं खपून बनवलेला तिचा पदार्थ इथरात विरघळलेला. इथर उडवून तो कोरडा करायचा, की काम फत्ते. कोरडा. अगदी कोरडा.

अण्णांनी भिंतीवरचा फोन उचलला. तिसऱ्या मजल्यावर घंटी वाजत राहिली. उचलणार कोण? ती काचेच्या मागं भांड्यापाशी उभी असणार.

“देवा,” अण्णा म्हणाले, आणि दाराला कुलूप घालून जिन्याकडे धावले.

धावले म्हणजे काय, उजवा गुडघा दोन वर्षांपासून संपावर होता. कठडा धरून, एक पाय ओढत ते चढत होते. दुसऱ्या मजल्यावर लंबू भेटला, भाचीच्याच प्रयोगशाळेतला.

“अण्णा, आज पळताय? घरी सासूबाई आल्या की काय?”

“वर कोण आहे?”

“ती एकटीच. मला हाकललं. म्हणते, तू शिंकलास तरी माझा पदार्थ बिघडेल.”

“खाली जा. सगळ्यांना अंगणात काढ. बाईंना सांग, अग्निशमनवाल्यांना बोलव. इथरात पेरॉक्साइड आहे.”

लंबूचं हसू विझलं. तो तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेला.

भाची फ्यूम हूडसमोर, म्हणजे वाफ वर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर उभी होती. आत गरम पाण्याच्या भांड्यात गोल चंबू बसवलेला. चंबूत करंगळीच्या पेराएवढाही द्रव दिसत नव्हता. म्हणजे इथर जवळजवळ संपलं होतं.

आणि इथं अण्णांकडून नको ती गोष्ट घडली. तोंड उघडलं तेव्हा त्यातून खरं बाहेरच पडेना.

“बाळ, बाईंनी बोलावलंय. ताबडतोब.”

“आत्ता? मामा, दहा मिनिटं द्या. झालंच.”

“आत्ताच म्हणाल्या.”

“मग त्यांना म्हणावं, तुम्हीच या, पेढे खायला... नाही, आधी कोरडं होऊ दे.” ती हसली. मागं वळूनही पाहिलं नाही. “चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर बसलंय, आणि मी बाईंकडे जाऊ?”

“अगं, मोठं काम आहे.”

“काय काम?”

“ते... ते मला नाही सांगितलं.”

“मामा, तुम्हाला घाम किती आलाय! जिना का चढलात? गुडघ्याचं काय होईल? बसा बघू त्या स्टुलावर. उतरताना मी नेते तुम्हाला.”

तिनं पायानं स्टूल पुढं सरकवलं. स्टुलाचा पाय फरशीवर किरकिरला आणि अण्णांनी चटकन चंबूकडे पाहिलं. पाण्याच्या भांड्यावरचा लाल दिवा लागला. पाणी पुन्हा तापू लागलं. चंबूच्या तळाशी थर बारीक होत होता. अण्णांनी आणखी एक थाप शोधली. सापडली नाही.

“तिथून मागं ये. त्याला हात लावू नकोस. त्या इथरात पेरॉक्साइड आहे.”

आता ती वळली. “शक्यच नाही. मी लेबल बघितलंय. मागच्या आठवड्यातली बाटली आहे, तुमच्या हातची तारीख.”

“तारीख नव्या बाटलीची आहे. आतलं इथर तिचं नाही.”

“म्हणजे?”

“मी त्यात जुनं ओतलं. तीन बाटल्यांचं उरलेलं. वर्षाचं असेल, दोन वर्षांचं असेल, मलाही ठाऊक नाही. आत्ता खाली रिकाम्या बाटलीत खर पाहिली. तारीख माझी आहे पोरी, पण खोटी आहे.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. लहानपणी ताप आलेला असताना ती असंच टक लावून बघायची. पण तेव्हाच्या नजरेत मामा होता.

“मी चंबू उचलून बाजूला ठेवते,” ती म्हणाली. “गरम पाण्यातून काढला की—”

“नको! हलवायचाच नाही. बटणालाही हात लावू नकोस. चल.”

“मामा, माझी चार वर्षं आहेत त्यात!”

“आहेत. मीच घालवली. तू चल.”

ती हलेना. चंबूकडे बघायची, अण्णांकडे बघायची. अण्णांना तिला ओढायची छाती झाली नाही. झटापटीत टेबलाला धक्का लागला तर? मग ते दुखऱ्या गुडघ्यानं जमेल तसे पुढं सरकले आणि ती आणि काच यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. पाठ चंबूकडे.

“तू नाही जाणार तर मीही इथंच उभा राहतो. तुझ्या आईला काय सांगायचं ते वर गेल्यावर सांगेन.”

तेव्हा तिच्या तोंडातून हुंदका फुटला आणि तिनं त्यांच्या बाहीला धरलं. दोघं पाय न आपटता बाहेर आले. बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीतून अण्णांनी खोलीची वीज तोडली. हूडचा पंखा वेगळ्या तारेवर होता, तो चालू राहिला. भांड्यातलं पाणी मात्र गरमच होतं. त्याला कोण समजावणार?

जिना उतरताना तिनं त्यांना खांद्याचा आधार दिला. अंगणात सगळे जमले होते. बाई माणसं मोजत होत्या. भाची दिसली तेव्हा बाईंनी मोजणं थांबवून डोळे मिटले.

अण्णा भिंतीला टेकून बसले. ओठ हलत होते. देवाकडे त्यांनी तिच्यासाठी पुष्कळ मागितलं होतं आजवर, नोकरी, आरोग्य, चांगलं घर. आता मागण्यासारखं काही सुचेना. ती समोर उभी होती. तरी ते नामच घेत राहिले, बुडणारा माणूस हात मारत राहतो तसे.

चौथ्या मिनिटाला वर धाडकन् आवाज झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा झाडांवर सांडल्या. कुणीतरी किंचाळलं. त्यानंतर इतकी शांतता झाली, की पानांतून उशिरा गळणाऱ्या काचा मोजता आल्या असत्या.

भाची अण्णांपासून हातभर अंतरावर खाली बसली. कुठं पाहावं ते तिला कळत नव्हतं.

अग्निशमनवाले आले. त्यांचा अधिकारी सरळ बोलणारा होता. भांडारातल्या त्या तीन रिकाम्या बाटल्या कुठे, किती, कशा ठेवल्या आहेत, सगळं त्यानं अण्णांना विचारून घेतलं. “कुणी हात लावू नका, आमचे लोक बघतील,” असं बजावून त्यानं एक कागद पुढं केला. “काय झालं ते लिहून द्या. पहिल्यापासून.”

अण्णांनी पेन घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालायला ते टेकवलं आणि तिथंच अडकले. भाचीनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

“सांगा.”

अण्णा सांगत गेले, ती लिहीत गेली. जुन्या बाटल्या. ओतणं. तारीख. झाकणाखालची खर. न उचललेला फोन. जिना.

“मग मी तिला म्हणालो, बाईंनी बोलावलंय.”

पेन थांबलं.

“बाईंनी बोलावलं नव्हतं?”

“नव्हतं.”

ती हिशेब करत असावी. अण्णांना तिच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. थापांत गेलेल्या तेवढ्या वेळात ती त्या काचेसमोरच उभी होती.

“खरं का नाही सांगितलंत आधीच?”

“तू मला काय समजतेस, ते मोडेल म्हणून.”

तिनं कागद गुडघ्यावर सरळ केला. मग नाक पुसलं.

“हे लिहू?”

“लिही.”

तिनं लिहिलं.