करपलेलं बिस्किट

अस्लाक बूट झटकत आत आला आणि म्हणाला, "शुभ नाताळ, वहिनी!"

रान्फ्रीदने नुसतं "या भावजी" म्हटलं. शुभेच्छा काही तिच्या ओठांवर येईना. नवरा, आयविन, गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ, आणि यंदा तो या घरात करायचाच नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. खिडकीत कागदी चांदणी नाही, ओट्यावर पिठाचा कण नाही.

दिराने आणलेली लाकडं चुलीपाशी ठेवली आणि खुर्ची ओढली.

"द्या काहीतरी खायला."

"काही केलेलं नाही."

"मग मी उठू कसा? नाताळात आलेला माणूस उपाशी गेला, तर घरातला नाताळ सोबत घेऊन जातो. ते पाप मला नको."

"इथे नाताळ आहेच कुठे न्यायला? जा खुशाल."

"नाही जात. इथेच झोपतो. घोरतो मी, आधीच सांगून ठेवतो. दादापेक्षा मोठ्याने."

असला हट्टी माणूस! रान्फ्रीदने चरफडत कपाट उघडलं. लोणी, साखर, अंडी निघाली आणि त्यांच्यामागे आयविनचा लोखंडी साचा. दर वर्षी पीठ ती भिजवायची. साच्यातली पातळ बिस्किटं गरम असतानाच गुंडाळायचं काम त्याचं. साच्याला हात लागताच तिचे डोळे भरून आले. पण दीर ढिम्म हलेना, तेव्हा तिने चूल पेटवली.

पहिलं बिस्किट करपून काळं झालं. दुसरं गुंडाळायला अस्लाक सरसावला.

"आई गं! दादाची बोटं होती की सांडशी?"

"सांडशी कसली! तुमच्यासमोर शूर व्हायचे. तुमची पाठ वळली की नळाखाली बोटं धरून नाचायचे."

दोघंही हसत सुटले. हसता हसता रान्फ्रीद रडलीसुद्धा. आयविनबद्दल ती कित्येक महिन्यांत इतकं सहज बोलली नव्हती.

अस्लाकने करपलेलं बिस्किटही चवीने खाल्लं, मिशा पुसल्या आणि अंगणातल्या बर्फात उतरला. रान्फ्रीदने माळ्यावरची चांदणी काढून खिडकीत लावली. मग काय वाटलं कोण जाणे, घरातल्या सपातांनिशी ती दाराबाहेर धावली.

"भावजी! शुभ नाताळ!"

कुंपणापाशी तो थांबला. वळून त्याने हात उंचावला.

"शुभ नाताळ, वहिनी. आता दार लावा आधी! एवढी बोटं भाजून नाताळ आणलाय, निसटून जायचा!"